उत्तरबाई आणि तीन पायांची खुर्ची

गल्लीत त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठ वळली की उत्तरबाई. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ठेवणाऱ्याने नेम अचूक धरला होता. पुढच्या खोलीत बाकं मांडून बाईंनी उभा जन्म गणिताच्या शिकवण्या घेतल्या, आणि त्या अख्ख्या काळात एखादं मूल गणितापाशी अडून बसलेलं त्यांना कधी पाहवलं नाही. मुलाने पेन्सिल चावायला सुरुवात केली की बाईंचा जीव खालीवर होई. "अरे, छेद सारखा कर आधी!" असं ओरडत, आणि हात शिवशिवले म्हणून छेद स्वतःच सारखा करून देत. पालक खूश असत, कारण वह्यांत चुका नसत. मुलंही खूश असत, कारण पेन्सिल जरा जास्त वेळ चावली की काम भागायचं.

हे गणितापुरतं असतं तर एक वेळ ठीक होतं. बसमध्ये कुणी शब्दकोडं सोडवत बसलेला दिसला, तर मागच्या सीटवरून त्याचे आडवे-उभे शब्द सांगून बाई मोकळ्या होत. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते होते तोवर घरात बोलण्याचं काम बाईंकडे आणि ऐकण्याचं यजमानांकडे अशी वाटणी होती, आणि दोघांचं झकास चाललं होतं. मग यजमान गेले. मागोमाग शिकवण्याही गेल्या, कारण मुलांना फोनवर उत्तरं मिळायला लागली, तीही बोलणी न खाता. बाकं माळ्यावर चढली. बाईंकडे उत्तरं ढीगभर उरली आणि विचारायला कुणी उरलं नाही. त्या दिवसांत बाई रेडिओवरच्या निवेदकाला उत्तरं देत असत, हे औषधाच्या दुकानातल्या ताईने स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

अशात भाची राहायला आली. भावाची मुलगी. एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची, ते बिनपगारी रजा टाकून थांबवलं होतं. बापाने विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, गेम बनवायचाय. बापाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मग आत्याकडे जाऊन राहा. तिच्याकडे खोली रिकामी आहे आणि तीसुद्धा." बहिणीबद्दल असं बोलू नये हे खरं, पण खोटं काही बोलला नव्हता तो.

भाचीचा गेम म्हणजे एका खुर्चीची गोष्ट होती. एका कचेरीतली लाकडी खुर्ची, डावीकडचा एक पाय नसलेली. तो पाय सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी खिडकीला टेकू म्हणून लावलाय. कचेरी सुटली की खुर्ची टुणटुण उड्या मारत पाय आणायला निघते. उजवीकडे उडी मारली तर ठीक. डावीकडे मारली की धाडकन आडवी. मग कण्हत उठायचं आणि पुन्हा निघायचं. वाटेत साफसफाईवाले, विसरलेला डबा न्यायला आलेले कारकून. कुणी खोलीत आलं की गुपचूप खुर्चीसारखं उभं राहायचं, आणि कुणी बसलं तर त्याचं ढुंगण उठेपर्यंत वाट बघायची. प्रत्येक खोली म्हणजे एक कोडं.

"हे लोक खेळणार?" बाईंनी विचारलं. "खुर्चीने काय घोडं मारलंय तुझं?"

"तू बघ तर खरं."

बाईंनी पाहिलं, नाक मुरडलं, आणि जेवताना म्हणाल्या, "तुझ्या त्या तिसऱ्या खोलीत कपाटावर चढायची काही गरजच नाही. कारकून बसला की त्याच्या पायांनी खुर्ची सरकते. त्यालाच ओढू दे की." भाचीचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी चौकटीचा कागद आला, शिसपेन्सिल आली, आणि ज्या बाईने गेम म्हणजे पोरांचं वाटोळं असं सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं, तीच बाई जेवणाच्या टेबलावर कचेरीचे मजले आखायला लागली. हळूहळू कोडी बाईंची आणि बाकी सगळं भाचीचं, असं ठरूनच गेलं. खुर्ची पडल्यावर उठताना जो "आई गं ऽ ऽ, गुडघे!" असा आवाज येतो तोसुद्धा बाईंचाच. एकदा त्या पाटावरून उठत होत्या आणि भाचीने चोरून रेकॉर्ड केला. बाई आठवडाभर रागावल्या होत्या, पण ऐकणारा प्रत्येक जण हसतो म्हटल्यावर राग गिळला. घरात पुन्हा कुणीतरी विचारत होतं, 'आत्या, इथे काय करूया?' बाईंना तेवढं पुरेसं होतं. खरं तर पुरेसं म्हणणं कमीच. बाई सुखात होत्या.

पण रजेला शेवट असतो. कंपनीतून निरोप आला की येणार असाल तर अमुक सोमवारी या, नाहीतर तसं कळवा. त्याच्या आदल्या शनिवारी शहरातल्या एका हॉलमध्ये छोट्या-छोट्या गेमवाल्यांचं प्रदर्शन होतं, तिथे भाचीला एक टेबल मिळालं होतं. भाची म्हणाली, "प्रदर्शन होऊ दे. लोक त्यात रमले तर राहीन. नाही रमले तर उगाच स्वतःला फसवण्यात अर्थ नाही, मी परत कामावर जाईन." बाईंनी "बरं" म्हटलं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. ही पोर गेली की पुन्हा रेडिओ, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

आता या धंद्यात एक पद्धत आहे. गेम अर्धाकच्चा झाला की ज्याने तो कधी पाहिला नाही अशाला समोर बसवायचं, कंट्रोलर हातात द्यायचा, आणि बनवणाऱ्याने मागे उभं राहून मूग गिळायचे. तो चुकला तरी गप्प. भिंतीवर डोकं आपटत राहिला तरी गप्प. कारण गेम विकत घेणाऱ्याच्या घरी बनवणारा काही मागे उभा राहायला जात नाही. भाचीने हे आत्याला समजावलं. आत्या म्हणाली, "त्यात काय एवढं!" आणि समोरचा सलूनवाला खेळायला बसल्या-बसल्या ओरडली, "अहो, उजवीकडे!"

मग भाचीने उपाय काढला. कुणी खेळायला बसलं की आत्याच्या तोंडात लिमलेटची गोळी. गोळी चावायची नाही, आणि गोळी आहे तोवर अवाक्षर काढायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण बाईंनी शब्द पाळला. सलूनवाला पुन्हा बसला, औषधाच्या दुकानातली ताई बसली, आणखी चार जण बसले. अधूनमधून अडले, पडले, हसले, आणि सगळेच्या सगळे पार झाले. लिफ्टची खोली सगळ्यात अवघड, तीसुद्धा. भाची खूश झाली.

लिफ्टच्या खोलीचं असं होतं. डावीकडे लिफ्ट, तिचं दार उघडतं आणि जरा वेळाने मिटतं. खुर्ची वळून, उजवं अंग पुढे करून तिकडे कितीही सांभाळून उडी मारत गेली तरी दार आधी मिटतं. उत्तर असं की मुद्दाम पडायचं. डावीकडे उडी मारून आडवं व्हायचं. फरशी गुळगुळीत आहे, खुर्ची पाठीवर घसरत थेट लिफ्टमध्ये जाते. जे पडणं इतका वेळ चूक होतं, तेच इथे कामाला येतं. बाईंना या खोलीचा फार अभिमान होता.

मग एक दिवस भाची कॉम्प्युटर काखेत मारून एकटीच मैत्रिणीच्या ऑफिसात गेली, आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने परतली.

"लिफ्टच्या पुढे एकही गेला नाही, आत्या. एकही नाही! उड्या मारमारून वैतागले आणि उठले."

"बावळट असतील."

"नाहीत गं. मी सारखी विचार करत होते, आपल्या घरी सगळ्यांना कसं जमलं? तिथे काय कमी होतं?" तिने आत्याकडे पाहिलं. "तू कमी होतीस."

आणि खरंच तसं होतं. गोळी तोंडात असली तरी बाईंचं नाक मोकळं होतं आणि हातात बांगड्या होत्या. खेळणारा चुकीकडे वळला की मागून "च्च" यायचं. बरोबरीकडे झुकला की बांगड्या थांबायच्या आणि श्वास आत ओढला जायचा. माणूस गेम खेळतच नव्हता. बाईंना खेळत होता. सलूनवाल्याला विचारलं तर तो आरशात बघून दाढी करत-करत म्हणाला, "अहो, बाईंचा सुस्कारा ऐकला की कळतंच ना. शिकवणीतही तसंच करायचो आम्ही."

बाईंना ते लागलं. पण त्या हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्रदर्शन तोंडावर आलेलं. त्यांनी भाचीच्या मानगुटीवर बसून गेममध्ये खुणा घालून घेतल्या. बाण. चमकणारी फरशी. भिंतीवर एक बोलकं घड्याळ, जे खुर्चीला सांगायचं, 'आता डावीकडे पड हो.' भाचीला पटत नव्हतं. पण नाकात दम आणण्यात आत्याचा हात कोण धरणार?

मग औषधाच्या दुकानातल्या ताईला पुन्हा बोलावलं, नव्या खोल्या दिल्या. बाई या वेळी मोरीत जाऊन उभ्या राहिल्या, दार लावून. ताई कुठेच अडली नाही. सरळ शेवटपर्यंत गेली, कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, "छान आहे." पर्स उचलली. पहिल्या वेळी हीच ताई खुर्ची पडल्यावर इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता, आणि दुकान उघडायला उशीर झाला तरी 'आणखी एकच खोली' करत बसली होती. आता तिने विचारलंसुद्धा नाही, पुढे काय आहे म्हणून.

"सगळं तर जमलं तिला," बाई मोरीतून बाहेर येत म्हणाल्या.

"तिला काय जमलं? घड्याळाला जमलं."

बाई पडद्यावरच्या घड्याळाकडे रागाने बघायला लागल्या.

भाचीने वाद घातला नाही. तिने बाण काढले, घड्याळ काढलं आणि दोन दिवस खोलीचं दार लावून काहीतरी केलं. मग दुपारी आत्याला खुर्चीत बसवलं. "ही नवी खोली आहे. तू आखलेली नाही. खेळ."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत त्या हा गेम एकदाही खेळल्या नव्हत्या. खेळणार कशाला? उत्तरं त्यांचीच होती. आता समोर एक साधी खोली होती: एक बंद दार, एक टेबल, एक पंखा. बाईंनी दाराला धडका दिल्या. टेबलावर चढल्या. पंख्याला लोंबकळायचा प्रयत्न केला. उजवीकडे उड्या मारल्या, डावीकडे पडल्या, स्वतःच्याच आवाजातलं "आई गं ऽ ऽ, गुडघे!" ऐकून कान किटले.

"चुकलंय काहीतरी तुझं. दार उघडतच नाही."

भाचीने लिमलेटची गोळी घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"अगं, निदान डावीकडे की उजवीकडे तेवढं सांग!"

भाचीने डोळे मिटून घेतले. बाईंनी तिला कार्टी म्हटलं, तिच्या बापाचा उद्धार केला, आता ही नस्ती उठाठेव कायमची बंद असं जाहीर केलं, आणि कंट्रोलर काही खाली ठेवला नाही. ऊन खिडकीतून टेबलावर आलं. मग बाईंना एक गोष्ट ऐकू आली. दाराबाहेर पावलं वाजत होती. कुणीतरी येत होतं, आणि खुर्चीने उडी मारली, धप् झालं, की पावलं थांबून मागे फिरत होती. बाईंनी पुन्हा उडी मारून पाहिलं. फिरली. बाहेरचा माणूस घाबरत होता! इतका वेळ त्याला आत येऊ देत नव्हतं कोण, तर बाईच.

बाईंनी हात मांडीवर ठेवले. काहीच केलं नाही. पावलं जवळ आली. बाईंनी श्वास धरला. दार उघडलं.

"उघडलं!" बाई किंचाळल्या. सलूनवाला वस्तरा घेऊन रस्त्यावर आला, इतकं मोठ्याने. "उघडलं गं! मी उघडलं! कुणी सांगितलं नाही मला!" त्या उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या, आणि टाळ्या पिटता-पिटता मध्येच थांबल्या आणि खाली बसल्या. हा आनंद त्यांनी माहीत नसताना किती जणांच्या हातून काढून घेतला असेल, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. त्यांना वाईट वाटलं. मग भूकही लागली होती, म्हणून दोघींनी जेवून घेतलं.

जेवताना बाई म्हणाल्या, "ती पावलं तू आधीपासून ठेवली होतीस. मी ऐकत नव्हते."

"हो."

"म्हणजे सांगायचं नाही, पण ठेवायचं. आणि चुकलं तर मार बसू द्यायचा नाही. मी इतकी पडले, पण एकदाही पहिल्यापासून सुरू करायला लावलं नाहीस." बोलता-बोलता त्यांनी चौकटीचा कागद ओढला. लिफ्टच्या आधी त्यांनी एक छोटीशी खोली घातली. तिथे नुकतीच फरशी पुसलेली असते आणि कोपऱ्यात रिकाम्या डब्यांची चळत असते. तिथे कोडं असं काही नाहीच. पण चालताना कुणी ना कुणी डावीकडे पडतंच, सुंईकन घसरतं, आणि सगळे डबे धडाधड कोसळतात. माणूस हसतो आणि पुढे जातो. त्याला कळतही नाही की आपण काही शिकलो. लिफ्टपाशी आठवलं तर त्याचं त्याला आठवेल.

"आणि नाही आठवलं तर?" भाचीने विचारलं.

"तर जाईल उठून," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी पेन्सिल चावायला सुरुवात केली.

प्रदर्शनाचा दिवस काही फार बरा गेला नाही. गर्दी दारापाशी, जिथे मोठाले पडदे आणि दणदणाट होता तिथे. यांचं टेबल खांबाआड. लोक यायचे, खुर्ची पाहून हसायचे, दोन खोल्या खेळायचे, मित्राने हाक मारली की निघायचे. लिफ्टपर्यंत फार थोडे पोचले. त्यातली एक मुलगी पार झाली, पण लगेच तिची बस होती. बाकीचे अडले आणि उठले. बाईंनी दिवसभर तोंड उघडलं नाही. बांगड्या त्यांनी घरीच काढून ठेवल्या होत्या. भाचीचा चेहरा संध्याकाळकडे उतरत गेला, आणि शेवटी ती म्हणाली, "मी खोकी घेऊन येते, आवरायला लागू."

ती गेली आणि हॉलचा इलेक्ट्रिशियन आला. जाडजूड, कमरेला हत्यारांचा पट्टा, दिवसभर लोकांच्या वायरींनी कावलेला. सगळी टेबलं उठली की दिवे मालवून कुलूप लावायचं, हे त्याचं काम. बोर्डातून पिन काढायला तो वाकला, कंट्रोलरला त्याचा कोपर लागला आणि पडद्यावर पडलेली खुर्ची म्हणाली, "आई गं ऽ ऽ, गुडघे!"

तो वाकलेला होता, आणि त्याचेही गुडघे दुखत असावेत. तो खदाखदा हसला. "हे काय आहे?" म्हणून टेकला. पिन राहिली.

डबे त्याने पाडले, आणि मुद्दाम परत जाऊन पुन्हा पाडले. मग लिफ्ट आली. उड्या मारल्या, दार मिटलं. पुन्हा मारल्या, पुन्हा मिटलं. तो पुटपुटला, मान खाजवली, घड्याळाकडे पाहिलं. मग मागे वळून सरळ बाईंनाच विचारलं, "काय करायचं हो इथे?"

दिवसातला हा पहिला प्रश्न, आणि तोही बाईंना! उत्तर जिभेच्या टोकावर. एक शब्द पुरला असता; शब्दही नको, मान डावीकडे कलली असती तरी पुरे. हा उठला की टेबल उठलं, टेबल उठलं की सोमवार. बाईंना स्वतःच्या चेहऱ्याची खात्री वाटेना. म्हणून त्या वळल्या आणि खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारख्या.

"घ्या! या तर रुसल्या," मागून आवाज आला.

पण उठल्याचा आवाज आला नाही. खुर्चीची उडी आली. दार मिटलं. बाईंनी खांबावरचा रंग किती ठिकाणी उडालाय ते पाहिलं. आणि एकाएकी मागून धाड् आला, "आई गं" आलं, सुंईकन घसरल्याचा आवाज आला, आणि लिफ्टची घंटा वाजली.

"अरे तिच्यायला! पडायचं!" इलेक्ट्रिशियन ओरडला. "मुद्दाम पडायचं!"

भाची खोकी घेऊन परत आली तेव्हा तो पुढच्या मजल्यावर होता. आयोजकांपैकी कुणीतरी लांबून ओरडलं, दिवे घालव की आता. तो म्हणाला, "थांबा हो, माझी खुर्ची अडकलीय." मग त्याचा जोडीदार त्याला शोधत आला, मागे उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, त्या टेबलावर चढ ना." तर हा गडी चक्क भडकला. "गप बस. सांगू नको. माझं मला बघू दे."

खोकी हातात तशीच धरून भाची ते पाहत राहिली.

घरी जाताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, मांडीवर खोकी. भाची खिडकीबाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत तिने विचारलं, "आत्या, काय करू मी? सोमवारी जाऊ की राहू?"

बाईंकडे उत्तर होतं. पायऱ्यांसकट होतं, ताळा करून तयार होतं, आणि ते दिलं असतं तर पोरीने ऐकलंही असतं. त्यांनी खोक्याच्या कडा घट्ट धरल्या.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या.

असं वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. भाचीने वळून पाहिलं. बाई समोर बघत होत्या, ओठ गच्च मिटलेले, डोळे काठोकाठ भरलेले. बस थांबली, माणसं उतरली, चढली, बस निघाली. बाईंनी 'च्च' केलं नाही, सुस्कारा टाकला नाही. श्वाससुद्धा त्या जपून घेत होत्या.

"राहते," भाची म्हणाली.

तेव्हा बाई रडल्या. पुढच्या सीटवर शब्दकोडं घेऊन बसलेल्या माणसाने दचकून मागे पाहिलं, एवढ्या मोठ्याने.